कोमरय्याला दिलेला शब्द

भंडारा मी उचलला होता, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्कही माझाच आहे. घरातली भानगड घरातच राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याशी बोलणं कधीच सोडलंय. त्यामुळे आता भीड तरी कुणाची धरू?

मी संगीता. केजला तहसील कचेरीसमोर माझं छोटं दुकान आहे, तिथे मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. नवरा केज ते बीड जीप चालवतो. माहेर केजपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या अंगाला. चाळीस घरांची धनगरांची वाडी. तिथल्या बिरोबाचे पुजारी म्हणजे माझे वडील, आप्पाराव. वाडीत आप्पांच्या शब्दावर कुणी शब्द टाकत नसे. मीही कधी टाकला नव्हता.

मी लहान होते तेव्हा दिवाळी झाली की आप्पांची मेंढरं खाली तेलंगणात जायची, नारायणखेडच्या बाजूला, आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. तिथे कोमरय्या नावाचा एक माणूस होता. तोही मेंढपाळ, तोही पुजारी, त्याचा देव बीरप्पा. आपला बिरोबा आणि त्यांचा बीरप्पा हे सख्खे भाऊ, असं दोन्हीकडची माणसं मानतात. आप्पा आणि कोमरय्यासुद्धा भावासारखेच होते. सतत फिरतीवर राहून पोरीची शाळा बुडते म्हणून आप्पांनी मला कोमरय्याच्या घरी ठेवलं. चौथीपर्यंत मी तेलुगू शाळेत शिकले. चार वर्षं त्या घरात जेवले, तिथल्या पोरांशी भांडले, तापात फणफणले तेव्हा कोमरय्याच्याच खांद्यावर बसून दवाखान्यात गेले. मी त्याला मामा म्हणते. अजूनही म्हणते.

आता नियम सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. दोन्ही देवांचे चांदीचे टाक पिवळ्या फडक्यात बांधलेले असतात. दर तीन वर्षांनी चैत्रात कोमरय्याची पालखी आमच्या शिवेवर येते. दोन पालख्या समोरासमोर टेकवतात, फडकी एकाच वेळी सोडतात आणि भाऊ भावाचं तोंड बघतो. मग पुन्हा तीन वर्षं फडकं. पुजारी रोजचं पाणी घालतो तेही वरूनच. एकाने एकट्याने तोंड उघडायचं नाही, एवढा एकच नियम. बाकी आमच्यात फारसे नियम नाहीत, आणि जे आहेत ते मोडायला सगळे मोकळे आहेत.

दुसरी गोष्ट शब्दाची. आप्पा आणि कोमरय्या आपसात मोडकंतोडकं हिंदी बोलायचे, त्यात मेंढराचा भाव, चाऱ्याची खबरबात, पोलिसाला काय द्यायचं, सगळं भागायचं. पण देवाच्या कामाचा शब्द असा देता येत नाही. तो दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने भंडारा हातावर घेऊन दुसऱ्याच्या भाषेत सांगायचा. म्हणजे शब्द ज्याचा त्याचा, पण शपथ मधल्याची. आधी हे काम कोमरय्याची आई करायची, ती मूळची आमच्याकडची होती. ती गेल्यावर अठराव्या वर्षापासून हे काम माझ्याकडे आलं. मला त्याचा लई तोरा होता, हे कबूल करते.

तर हैदराबादची एक वाहिनी आणि संभाजीनगरची एक संस्था अशा दोघांनी मिळून एक मालिका काढली, ‘शिवेपल्याड’ नावाची. दोन शेजारी मुलुखांत जे जे सामाईक आहे त्यावर एकेक भाग. एकाच संध्याकाळी तिकडे तेलुगूत दाखवायचा, इकडे मराठीत. दिग्दर्शिका सुकन्या म्हणून होती, तिशीतली, बोलायला गोड, उन्हात काळवंडायची पर्वा नसलेली. ती माझ्या दुकानात येऊन दोन तास बसली. दोन्ही भाषा येणारं माणूस मिळालं म्हणून तिला एवढा आनंद झाला की मीच लाजले. केजमध्ये माझ्या तेलुगूचा उपयोग आजवर कुणी विचारला नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला तर ती मद्राशी भाषा वाटायची.

अडचण एवढीच होती की सुकन्याला भेट मार्गशीर्षात पाहिजे होती. खरी भेट त्यापुढच्या नाही, तर त्याच्या पुढच्या वर्षीच्या चैत्रात. सोळा महिने थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. आप्पांनी ऐकून घेतलं आणि कोमरय्याला विचारायला सांगितलं. मी फोन केला, मामाने सरळ नाही म्हटलं. देव काय नाटकातला सोंगाड्या आहे का, असं तो म्हणाला. मग आठ दिवस फोनाफोनी होऊन तोडगा निघाला. पालख्या आणायच्या, ढोल वाजवायचे, पण दोन्ही पालख्यांत टाकाऐवजी नारळ फडक्यात बांधून ठेवायचा. फडकं सोडलं तरी कॅमेरा आत बघणार नाही, माणसांचे चेहरे दाखवेल. सुकन्या चटकन कबूल झाली.

आप्पांच्या ओट्यावर बसून मी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मामा डोक्याला पटका बांधून, आंघोळ करून बसला होता. आप्पा माझ्या शेजारी. मी हातावर भंडारा घेतला आणि तेलुगूत म्हणाले, “आमच्या देवाचं तोंड झाकलेलंच राहील. पालखीत नारळ असेल.” मामाने आप्पांचं तोंड बघितलं नाही. माझं बघितलं, आणि मान हलवली.

शूटिंग झकास झालं. मामाकडची चाळीसेक माणसं टेम्पोने आली. दोन्हीकडचे ढोल एकत्र घुमले, बायांनी एकमेकींची लुगडी चाचपून भाव विचारले, आमच्या पोरांनी ड्रोनमागे धावून पायाला काटे मोडून घेतले. माझा धाकटा भाऊ रामेश्वर तर सुकन्याच्या माणसांची टोपी डोक्यावर चढवून सगळ्यांना हुकूम सोडत होता. त्याला मेंढरांत रस नव्हता, नोकरी लागत नव्हती, आप्पा त्याला उठता बसता बोलायचे. त्या दिवशी मात्र तो खूश होता. फडकी सुटली, नारळ नारळाला भेटले, आणि खोटी का असेना, मला गहिवरून आलं. संध्याकाळी पाहुणे गेले. मीही नवऱ्याच्या जीपमधून केजला परतले. सुकन्याची मंडळी दुसऱ्या दिवशीही थांबली होती, काही बारीकसारीक घ्यायचं राहिलं म्हणून.

पुढच्या दिवाळीत तो भाग दाखवला. आप्पांनी देवळासमोर मोठा टीव्ही मांडला, आसपासचे पुढारीसुद्धा बोलावले. सगळं छान चाललं होतं. मग भेट आली. आधी कोमरय्याचं फडकं सुटलं, आणि कॅमेऱ्याने आत बघितलं. नारळ. शेंडीसकट, अगदी जवळून. मग आमचं फडकं सुटलेलं दिसलं, आणि आत बिरोबा. आमचा खरा टाक. घोड्यावर बसलेला, हातात तलवार, चांदी नुसती लखलखत होती.

वाडीने टाळ्या वाजवल्या. बाया हात जोडून उभ्या राहिल्या.  मी आप्पांकडे बघितलं, ते टीव्हीकडे बघत होते.

तासाभरात मामाच्या सुनेचा फोन आला. गावात हसू झालंय, म्हणाली. तिकडचा देव चांदीचा आणि आपला पुजारी नारळ घेऊन गेला, असं पोरं ओरडत फिरतायत. जाणती माणसं तर त्याहून वाईट बोलतायत, की याने आपल्याला भिकारी करून बसवलं. मामा जेवला नव्हता. मी फोन द्या म्हटलं तर त्याने घेतला नाही.

मी तशीच ओट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, टाक पालखीत गेला कसा?  मग आप्पा खाली बघत म्हणाले, “पोरानं केलं. टोपीवाल्यांच्या नादानं. म्या त्या येळंला मेंढरांकडं गेलतो.”

रामेश्वर देवळाच्या पायरीवर होता. तो काहीच बोलला नाही. गप्प बसला म्हणजे केलंच, असा हिशेब मी केला. मी त्याला चारचौघांत नको ते बोलले. तुला नोकरी नाही म्हणून देव विकलास का, असंही बोलले. ते शब्द मला आजही आठवतात आणि आठवले की जेवण जात नाही. पंधरा दिवसांत तो वाडी सोडून बीडला गेला. भाऊबिजेला मी त्याला ओवाळलं नाही.

सुकन्याला फोन केला तर ती आधी गोंधळली, मग तिने नियम सांगितला, की आमच्याकडे परवानगीचा कागद आहे, घरातूनच दिलेला आहे. कुणी दिला ते सांगायला ती तयार नव्हती. कॅमेरा आत बघणार नाही असं ठरलं होतं ना, म्हटल्यावर ती म्हणाली की एडिटिंगची कापाकापी दोन ठिकाणी झाली, तिचं सगळीकडे चाललं नाही. दोन मुलुख जवळ आणायचे होते म्हणे. चाळीस वर्षं जवळ होते, ते तिने एका संध्याकाळीत लांब नेले. मी तिला तसं सांगितलं, ती रडली, मी फोन ठेवला.

मामाला मी कितीदा फोन लावला ते मोजलं नाही. तो उचलायचाच नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की मी खोटं बोलले नाही. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारी बाई, आणि तीही त्यांच्या घरचं अन्न खाऊन वाढलेली, असं त्या घरात माझ्याबद्दल बोललं जात असणार, आणि ते पुसायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

पौषात एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सर्व्हर बंद होता, लोक कागद घेऊन परत गेले होते. मी मोबाइलवर त्या भागाची तेलुगू आवृत्ती लावली. आजवर हिंमत झाली नव्हती. मामाने नेमकं काय बघितलं, ते एकदा बघून घ्यावं म्हटलं. सगळं तेच होतं, आवाज फक्त वेगळा. पण टाकाच्या जागी आल्यावर मी थांबले. मराठीत फडकं सुटलेलंच दिसतं. तेलुगूत ते सोडतानाही दिसत होतं. दोन सेकंद असतील. एक डावा हात गाठ सोडतो, फडकं बाजूला करतो, आणि टाक जरा वाकडा आहे तो सरळ करतो, कॅमेऱ्याला नीट दिसावा म्हणून.

त्या हाताच्या पहिल्या बोटाला शेंडा नव्हता.

लोकर कातरताना आप्पांचं ते बोट तुटलं होतं, नारायणखेडला. मी आठ वर्षांची होते, तिथेच उभी होते. रक्त बघून मी किंचाळले होते, आणि आप्पा मलाच समजावत होते.

मी शटर ओढलं आणि बीडची एसटी धरली. रामेश्वर एका कोचिंग क्लासच्या मेसवर भाजी चिरत होता. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याने बघितलं, हात पुसले, आणि मला बाहेर नेऊन चहा पाजला. मग सांगितलं. पाहुणे गेल्यावर सुकन्या नुसतं म्हणाली होती की नारळ पडद्यावर शोभत नाही. आप्पा रात्रभर गप्प होते. सकाळी आंघोळ करून त्यांनीच टाक आणला. तीन वर्षांतून एकदा चाळीस घरं बघतात, आता सगळा महाराष्ट्र बघेल, असं म्हणाले. कागदावर सहीही त्यांचीच. आणि मला काही कळू द्यायचं नाही, हेही तेच म्हणाले. संगी खुळी हाय, लगेच कोमरय्याला सांगंल, असं.

“मग तू बोलला कावून न्हाईस?” मी विचारलं.

“वाडीम्होरं बापाला खोटं पाडू? माझं काय जायचं होतं, ताई. मी आदीच वाया गेलेला हाय.” तो हसला. “तू मात्र लई बोललीस.”

मी तिथे बसस्टँडच्या बाहेर, रिक्षावाल्यांसमोर रडले. त्याची माफी मागितली. त्याने रुमाल दिला, त्याला कांद्याचा वास येत होता.

वाडीत जाऊन आधी आईला गाठलं. ती चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटत एवढंच म्हणाली की बाप हाय तुजा. म्हणजे तिलाही माहीत होतं. घरात एकटी मीच होते जिला माहीत नव्हतं, आणि भंडारा उचलून शब्द दिला होता तो मात्र मीच. रामेश्वरवर खोटा आळ घातला याचा राग होताच. पण आप्पांनी माझ्या जिभेने दिलेला शब्द माझ्या नकळत मोडला, याने मी आतून तुटले. जन्मभर ज्या माणसाचा शब्द मी डोळे मिटून पलीकडे पोचवला, त्याने मला निरोप्यासारखं राबवलं. मी आप्पांना काही बोलले नाही. ते आपणहून बोलतील, म्हणून वाट बघितली. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. माझ्यासमोर बसून ते दुधाचा भाव, पाण्याची टाकी, सगळं बोलले.

चैत्रात भेटीचा दिवस आला. मामा येणार नाही, असं सगळे धरून चालले होते. पण दुपारी टेम्पो आला. चाळीस नव्हे, चारच माणसं उतरली. ढोल नाही. पालखी खांद्यावर घेऊन मामा शिवेवर उभा राहिला. वर्षभरात तो किती वाळला होता. रामेश्वरला मीच बोलावून घेतलं होतं, तो सगळ्यांच्या मागे लिंबाखाली थांबला.

पालख्या टेकवण्याआधी दोन्ही पुजाऱ्यांनी तीन वर्षांचा जाब द्यायचा असतो, की आमच्या देवाचं तोंड झाकलेलं होतं. आधी मामाने आपला जाब दिला, मी भंडारा उचलून तो मराठीत सांगितला. मग आप्पांची पाळी आली. मधे मी, समोर भंडाऱ्याचं ताट. सगळी वाडी बघत होती.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, “सांग त्याला. पोरानं उघडलं, आमी न्हाई. पोराला पायावर घालतो म्हणावं.” आणि मग हळू, फक्त मला ऐकू येईल असं, “नीट सांग, माय.”

मी मामाकडे वळले. तेलुगूत म्हणाले, “आप्पा म्हणतात, पोराने उघडलं, त्यांनी नाही.”

भंडाऱ्याला मी हात लावला नाही.

मामाने ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आप्पांना भाषा कळत नव्हती, पण ताट दिसत होतं. ते पुटपुटले की भंडारा घे. मी घेतला नाही. मामाने विचारलं, “आणि तू काय म्हणतेस, बिड्डा?” लहानपणी तो मला असंच हाक मारायचा, तिकडे लेकराला म्हणतात तसं. तेव्हा मी मूठ भरून भंडारा उचलला. त्या वेळी दिलेला शब्द मला खरा वाटत होता, मला माहीत नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. मुठीतून भंडारा पायांवर सांडत होता.

 मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून चार वाक्यं बोलला, सावकाश, आणि आपल्या माणसांना खूण केली. त्यांनी पालखी उचलली. फडक्याची गाठ तशीच होती.

“काय म्हणला?” आप्पांनी विचारलं. मी पाठमोऱ्या पालखीकडे बघत होते. “अगं, काय म्हणला त्यो?”

आप्पांनी मला मधे बसवलं होतं ते दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायला. मी वाडीकडे तोंड केलं आणि शेवटच्या माणसाला, लिंबाखालच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मामाचं बोलणं मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

“ते बोट तुटलं तेव्हा चिंधी म्या बांधली व्हती. टीव्हीवर हात बघितला तवाच मला कळलं कोण हाय ते. मी देवाच्या भेटीला आलोच न्हाई, माझ्या घरी जेवलेल्या पोरीनं मला फशीवलं का, तेवढं बघाया आलतो. तिनं न्हाई फशीवलं, आता मी जातो.”

 टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आप्पांनी डावा हात धोतराच्या सोग्यात घातला, आणि सगळी वाडी त्या सोग्याकडे बघत राहिली.